कुलूपबाईंची इजाजत

ज्या बाईंना आमची सगळी संस्था कुलूपबाई म्हणत असे, त्यांच्या स्वतःच्या घराला कुलूप नव्हतं. परभणीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सकाळी साडेनऊला त्या दाराला बाहेरून नुसती कडी लावत आणि ऑफिसला निघत. शेजारची मांजर खिडकीतून आत-बाहेर करी, तिलाही मनाई नव्हती. एकदा मी याबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, "घरात माझंच सामान हाय. गेलं तर माझं जाईल. ऑफिसात लोकांचं हाय."

लोकांचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यातली बरीच कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून ती गावातच राहतात, हंगामी वसतिगृहात. आमची संस्था अशी बावीस वसतिगृहं चालवत होती. प्रत्येक मुलाचं नाव, वय, गाव, आईवडील उसाच्या कुठल्या फडावर गेलेत, त्यांचा फोन, मुलाला कुठलं औषध चालू आहे, हे सगळं परभणीच्या ऑफिसातल्या डेटाबेसमध्ये होतं. रोज सकाळी सहा वाजता त्यातली माहिती आपोआप वेगवेगळ्या शीटमध्ये उतरे आणि ज्याची त्याला मोबाईलवर दिसे. कोणाला कुठली शीट दिसावी, त्यातले कुठले रकाने दिसावेत आणि कोणाला त्यात हात घालता यावा, हे ठरवण्याचं काम बाईंकडे होतं. त्यांच्या टेबलावर पाटी नव्हती. हुद्दा काय, हे पगारपत्रक करणाऱ्यालाही नीट सांगता येत नसे.

मी तिथे रुजू झालो तेव्हा अकरा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काढलेली होती. ते कार्यालय बंद झालं आणि मी संस्थेचे अहवाल लिहायला आलो. पहिल्याच दिवशी बाईंपुढे जाऊन म्हणालो, सगळ्या शीट उघडून द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय पाहिजे ते नका सांगू. कशासाठी पाहिजे ते सांगा."

"अहवाल लिहायचाय."

"अहवालात पोरांची नावं छापणार का?"

"छे."

"मग नावं कशाला पाहिजेत?"

दहा मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर तालुके आले, मुलांची संख्या आली, हजेरी आली. नावाचा रकाना नव्हता. फोनचा नव्हता. अकरा वर्षं लोकांकडून माहिती काढून घेण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हा अपमान वाटला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा. "पेपरवाले, रागावू नका," बाई म्हणाल्या. "लागलं तर मागा. मागायला मनाई न्हाई." त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी पेपरवालेच राहिलो.

त्यांच्या लेखी जगात तीन प्रकारची माणसं होती: बघणारा, बोलणारा आणि बदलणारा. बघणाऱ्याला शीट नुसती दिसे. बोलणाऱ्याला कडेला शेरा लिहिता येई, "या मुलाचा फोन बदलला" वगैरे. बदलणाऱ्याला आतला मजकूर बदलता येई. बावीस वसतिगृहांच्या बावीस अधीक्षिका बघणाऱ्या होत्या. पाच तालुक्यांचे पाच समन्वयक बोलणारे होते. बदलणाऱ्या एकट्या बाई. नवा माणूस रुजू झाला की त्या विचारत, "हा कोण? बघणारा का बोलणारा?" एकदा चहावाल्याने विचारलं, "मॅडम, मी कोण?" बाई म्हणाल्या, "तू बोलणारा. लय बोलणारा. कप ठेव आन् जा."

हे सगळं त्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी परभणीत टायपिंग शिकवलं. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याचं मशीन ठरलेलं असे. दुसऱ्याचा हात बसला की मशीनची अक्षरं फिरतात, असा त्यांचा अनुभव. मशीनं भंगारात गेल्यावर मुलीची पुस्तकं घेऊन त्या डेटाबेस शिकल्या, वयाच्या पंचेचाळिशीनंतर. दहाही बोटांनी टाइप करत आणि त्या वेळी कीबोर्डकडे कधी बघत नसत. समोरच्या माणसाकडे बघत. त्यामुळे त्यांच्याकडे इजाजत मागायला गेलेला माणूस आणखीच चाचरत असे.

इजाजत हा शब्दही त्यांचाच. ऑफिसात बाकी सगळे ॲक्सेस म्हणत. बाईंचे वडील निजामाच्या काळातल्या शाळेत उर्दूतून शिकलेले, घरात तोच शब्द होता.

एका समन्वयकाने एकदा मुलींच्या वयाचा रकाना मागितला. नेहमीचा प्रश्न आला. तो म्हणाला, सहज. "सहज न्हाई चालत. कशासाठी?" तो हसला, इकडेतिकडे पाहिलं आणि अखेर म्हणाला की त्याच्या पाहुण्यांत एक मुलगा लग्नाचा आहे, सोळा-सतराची एखादी पोरगी बघण्यात असली तर गरिबाच्या घरचंही भलं होईल. बाईंची बोटं थांबली नाहीत. त्याच्याकडे बघत बघतच त्यांनी टाइप केलं आणि म्हणाल्या, "वयाचा रकाना आजपासून डॉक्टरलाच दिसंल. आन् तुमी आता बोलणारे न्हाईत. बघणारे." तो संचालकांकडे गेला. तिथेही त्याचं काही चाललं नाही. महिनाभरात तो नोकरी सोडून गेला.

आमचे संचालक साठीचे होते. मनाने मोठे, कामाला वाघ आणि कायम घाईत. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांचं एक वाक्य होतं: "आपलीच माणसं आहेत, मॅडम." ते ऐकलं की बाई कानावरचा केस मागे सारत आणि म्हणत, "म्हणूनच, सर. परक्याला काय पडलंय आपल्या शीटला हात लावायचं? हात लागतो तो आपल्याच माणसाचा."

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता बाई हजेरी घेत. मुलांची नव्हे, इजाजतीची. ज्याच्याकडे जी शीट असेल तिचं नाव वाचायचं आणि विचारायचं, "अजून लागतीय का?" माणसाने "हाय, लागती" म्हणायचं. नाही म्हणाला, गैरहजर असला, फोनही उचलला नाही, तर त्याचं नाव दुपारी निघालेलं असे. एका महिन्यात सर दिल्लीला गेलेले होते. परत आले आणि त्यांना त्यांच्याच संस्थेची एकही शीट दिसेना. सर ओरडत बाहेर आले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमी हाय म्हणलं न्हाई." सर तिथेच उभं राहून मोठ्याने "हाय!" म्हणाले. सगळं ऑफिस हसलं, बाईसुद्धा. मग त्यांनी सरांचं नाव परत घातलं. बघणारे म्हणून.

त्यांच्या एका सवयीची मात्र सगळे चेष्टा करत. औषधांची यादी पाहिली की अधीक्षिकेने तेवढ्यापुरत्या उघड्या ठेवलेल्या दुसऱ्या एका छोट्या शीटवर आपल्या वसतिगृहापुढे "पाहिलं" लिहायचं आणि वेळ टाकायची. रोज. चुकलं की बाईंचा फोन. मानवतच्या अधीक्षिका जरा तोंडाळ होत्या. त्या म्हणत, "मॅडम, नवऱ्याला बी मी इतक्यांदा 'बघितलं' म्हणत न्हाई." बाई म्हणत, "नवऱ्याला गोळी चुकली तर तो सांगंल तरी."

आता त्या शुक्रवारकडे येतो.

बाईंच्या दिराच्या मुलाचं लग्न झालं होतं. नवरा-नवरीला घेऊन पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. बाईंनी तीन दिवसांची रजा घेतली आणि तेवढ्यापुरती शीटची किल्ली, म्हणजे कोणाला इजाजत द्यायची हा अधिकार, माझ्याकडे दिली. सूचना एकच होती. "कोणी मागितली तर 'मॅडम सोमवारी येतील' म्हणायचं. येवढंच."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सर आले. सोमवारी पुण्याचे पाहुणे येणार होते. कुठल्या आजाराची किती मुलं आपण सांभाळतो, हे त्यांना दाखवायचं होतं. समन्वयक कडेला शेरे लिहिण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, म्हणून काम अडलं होतं. "सगळ्यांना उघडून दे," सर म्हणाले. मी म्हणालो, मॅडम सोमवारी येतील. सर म्हणाले, "पाहुणे पण सोमवारीच येतील. अरे, आपलीच माणसं आहेत." दहा चाळीसला मी औषधांच्या यादीवर पाचही समन्वयकांना बदलणारे केलं. सरांनी पाठीवर थाप मारली. मला बरंही वाटलं. हे लिहून ठेवणं भाग आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी मानवतहून फोन आला.

"पेपरवाले साहेब, आमच्या त्या बारक्याला दम्याचा पंप कामून आलाय? त्याला दमा न्हाई की. शाळेला सगळ्यांच्या पुढं पळत जातंय ते."

मी यादी उघडली. एकेचाळीस मुलं होती. नावं जागेवर, गावं जागेवर, वसतिगृहं जागेवर. औषधाच्या रकान्यात मात्र सगळे पंप एकाखाली एक आले होते, सगळ्या लोहाच्या गोळ्या एकाखाली एक, सगळी मलमं एकाखाली एक. कोणीतरी तेवढा एकच रकाना निवडून अक्षरांच्या क्रमाने लावला होता. मोजणी सोपी झाली होती. आणि जवळजवळ प्रत्येक मुलापुढे दुसऱ्याचं औषध आलं होतं.

बाईंना फोन लावला. मागे घंटा वाजत होती, माणसांचा गलका होता. त्या दर्शनाच्या रांगेत होत्या. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "इजाजत मी दिली."

 त्या म्हणाल्या, "कोणी केलं ते नंतर. किती वाजता झालं?"

शीटमध्ये आधीच्या बदलांची नोंद असते. ती पाहिली. अकरा वीस. जिंतूरचा समन्वयक.

"सकाळच्या गोळ्या आठलाच दिल्यात. म्हणजे त्या बरोबर. संध्याकाळच्या साडेसहाला, जेवणावर. आता तीन कामं. पहिलं कुलूप. मग यादी. मग भिंती."

कुलूप म्हणजे पाचही जणांची इजाजत काढणं. दीड मिनिट लागलं. यादी म्हणजे अकरा वीसच्या आधीची आवृत्ती परत आणणं. बाईंनी फोनवर पायरी पायरीने सांगितलं आणि अडीचला ती जागेवर आली. "डेटाबेस म्हणजे बारव हाय," त्या म्हणाल्या. "तिच्यात कोणी उतरलं न्हाई. घागर सांडलीय नुसती. घाबरू नका."

पण भिंती राहिल्या होत्या. आमच्या वसतिगृहांत रेंज स्वयंपाकघरात नसते, बाहेर ओट्यावर असते. त्यामुळे अधीक्षिका ओट्यावर उभं राहून यादी बघत, ती पुठ्ठ्यावर उतरवत आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला अडकवत. गोळ्या पुठ्ठ्यावरून दिल्या जात. मोबाईलमधली यादी आता दुरुस्त झाली होती. पुठ्ठे झाले नव्हते. "भिंतीवरचं आपोआप बदलत न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमच्या पेपरवानीच." पान छपाईला सुटल्यावर सापडलेल्या चुका मी अकरा वर्षं पाहिल्या होत्या. फरक एवढाच की तिथे दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येत असे.

बावीस फोन करायचे म्हटलं तर वेळ पुरला नसता. निम्म्या जणी दुपारी शाळेत किंवा रेंजच्या बाहेर असत. बाई म्हणाल्या, "बावीस कशाला? 'पाहिलं' उघडा." मी उघडलं. ज्या शीटवर सगळे हसत, ती शीट. अकरा वीसच्या नंतर "पाहिलं" लिहिलेली सात वसतिगृहं होती. बाकी पंधरा जणींनी सकाळची, बरोबर यादी उतरवली होती. बावीसचे सात झाले तेव्हा मी खुर्चीतून उभा राहिलो, हे आठवतं. समोर सर उभे होते.  त्यांनी चार नंबर घेतले, मी तीन घेतले.

मानवतच्या बाईंना तर आधीच कळलं होतं. "पुठ्ठा चुलीत घातला, साहेब," त्या म्हणाल्या. दुसऱ्या ठिकाणी शाळेचा शिपाई धावला. तिसऱ्या ठिकाणी एसटी थांब्यावरच्या पानटपरीवाल्याने जाऊन अधीक्षिकेला ओट्यावर आणलं. प्रत्येकीकडून नवी यादी वाचून घ्यायची, पुठ्ठा बदलायला लावायचा आणि पुन्हा "पाहिलं" लिहून घ्यायचं. चार वाजून पंचेचाळीस मिनिटांनी सहा झाले. सातव्या वसतिगृहाचा फोन बंद होता. तिथली अधीक्षिका सोमवारीच नव्याने लागली होती, तिला मुलंही अजून नावानिशी ओळखू येत नव्हती. गावात ज्या दोघांचे नंबर होते, ते दोघंही बाजाराला गेलेले.

अखेर साडेपाचला बाईंना मी गावाचं नाव सांगितलं. 

"तिथं ती हाय," बाई म्हणाल्या.

ती म्हणजे बारा वर्षांची एक मुलगी. तिला फिट येत असत. दिवाळीपासून एकदाही आली नव्हती, कारण रोज संध्याकाळी एक गोळी न चुकता पोटात जात होती. ती एकदाही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई-बाप फडावर होते. मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. बाईंनी विचारलं असतं, कशासाठी? जुन्या नोंदीत पाहिलं, तर अकरा वीसच्या यादीत तिच्यापुढे खरजेचं मलम आलं होतं, आणि फिटची गोळी त्याच वसतिगृहातल्या सहा वर्षांच्या एका धडधाकट मुलापुढे.

पुढचं मला नवरदेवाकडून कळलं, आणि नंतर नवरीकडून. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. पोखर्णीपासून ते गाव आडवाटेने बारा-तेरा किलोमीटर. बाई रांगेतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, जीप काढा. नवरदेव म्हणाला, "काकू, दर्शन तर होऊ द्या! दोनच माणसं राहिली पुढं." बाई म्हणाल्या, "देव काही उठून जायला न्हाई. पोरांचं जेवण साडेसहाला हाय." नवरी नारळाची पिशवी घेऊन जीपमध्ये जाऊन बसली. जीपला अजून लग्नाच्या माळा होत्या. हार उडत होते, झेंडूच्या पाकळ्या पुढच्या काचेवर येत होत्या आणि वाटेतल्या गावांतली माणसं वरात समजून हात दाखवत होती. नवरदेव म्हणतो की आपल्या लग्नात गाडी इतकी पळाली नव्हती.

गाव दीड किलोमीटरवर असताना रस्ता बंद झाला. उसाची ट्रॉली फसून आडवी झाली होती, दोन्ही बाजूंना मोळ्या पसरलेल्या. सहाला पाच कमी होते. जीप निघणार नव्हती. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि कापसाच्या रानातून बांध धरला. पन्नाशी उलटलेली बाई. मागे कोणी येतंय असं वाटून त्यांनी वळून पाहिलं तर नवरी होती, शालू गुडघ्यापर्यंत खोचून. "तू कामून आलीस?" बाईंनी विचारलं. "तुमाला चष्म्याशिवाय वाचता येत न्हाई म्हणलं हुतं त्यांनी," नवरी म्हणाली. चष्मा जीपमध्येच राहिला होता.

सहा वीसला त्या दोघी वसतिगृहात शिरल्या. मुलं ताटं घेऊन ओळीत बसली होती. नवी अधीक्षिका पुठ्ठा बघत बघत बाटल्यांच्या झाकणांत गोळ्या मांडत होती. शालूतली नवरी आणि अनवाणी बाई बघून ती जागीच थबकली. बाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, ताटं वाढा. गोळ्या नका वाढू." मग त्या ओट्यावर गेल्या, मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला, पण अक्षर लागेना. नवरीने तो घेतला, वाचला आणि मेंदीच्या हाताने नवा पुठ्ठा लिहिला. तिचं अक्षर सुरेख होतं. बाईंनी प्रत्येक मुलाला नावाने हाक मारली, "तू कोण?" असं विचारून त्याच्याच तोंडून नाव वदवून घेतलं आणि मगच त्याची गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्या मुलीने गोळी गिळली, वर पाणी घेतलं आणि नवरीकडे बघून विचारलं, "तुमचं लगीन आमच्या शाळेत हाय का?"

माझ्या समोरच्या शीटवर सहा पन्नासला सातवी ओळ भरली. "पाहिलं. ६.५०." सरांनी माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली. ऑफिसात कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. मी घरी जाईपर्यंत ती ओळ चार वेळा उघडून पाहिली.

सोमवारी बाई आल्या. मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला, दुसऱ्या परिच्छेदातली एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि परत दिला. "तुमी आता बघणारे," त्या म्हणाल्या. "हंगाम संपेस्तोवर." मग चहाची बशी ओठाला लावून म्हणाल्या, "चूक माझी बी हाय. किल्ली दिली, पण न्हाई कसं म्हणायचं ते शिकवलं न्हाई." आणि खरोखरच शिकवलं. रोज दुपारी पाच मिनिटं मला समोर उभं करत आणि सरांच्या आवाजात म्हणत, "अरे, आपलीच माणसं आहेत!" मी म्हणायचं, "न्हाई." "पाहुणे आलेत!" "न्हाई." "तुझा पगार मी देतो!" इथे मी अडखळलो की सगळं पहिल्यापासून. एकदा हे चालू असताना सर स्वतः मागे येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "मॅडम, आवाज थोडा जाड पाहिजे."

हंगाम संपल्यावर एक तारखेच्या हजेरीत बाईंनी माझं नाव वाचलं, मी "हाय" म्हणालो आणि त्यांनी मला बोलणारा केलं. बदलणारा व्हायला आणखी एक हंगाम लागला. मधल्या काळात मी ते एकदाही मागितलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई नांदेडला मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी साडेपाचला त्यांनी मला टेबलाशी बोलावलं, खुर्ची दिली आणि इजाजतीची यादी उघडली. सगळ्यात वर त्यांचं नाव होतं. "काढा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, तुम्हीच काढा, माझ्याकडून नाही व्हायचं. "सोताचं नाव सोता काढायचं न्हाई, पेपरवाले. काढणारा दुसरा पाहिजे, म्हणजे कोणाला तरी ठाऊक राहतंय." मी बटण दाबलं. बाईंनी आपल्या मोबाईलवर औषधांची यादी उघडून बघितली. स्क्रीनवर आलं: आपल्याला ही शीट पाहण्याची परवानगी नाही. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, परीक्षेचा निकाल वाचावा तसं, आणि पर्स उचलली.

पुढच्या हंगामात एका सकाळी त्यांचा फोन आला. तब्येत, नात, नांदेडचं ऊन असं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "ती पोरगी कशी हाय? फिटची."

यादी माझ्यासमोर उघडीच होती. तिची ओळही दिसत होती. मी म्हणालो, "बाई, कशासाठी पाहिजे?"

 बाई खळखळून हसल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "बरोबर," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय. ठेवते." आणि ठेवला.

 मी त्या मुलीच्या आईला फोन लावला. ती फडावर होती, मागे कोयत्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, आमच्या जुन्या मॅडमना तुमच्या मुलीची तब्येत सांगू का? ती म्हणाली, "नवरीला घेऊन रानातून आलत्या त्या? आवं, सांगा की! त्याला इचारता काय!"

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी नांदेडला फोन लावला.

"बाई, तिच्या आईची इजाजत आहे."

"थांबा," बाई म्हणाल्या. "कधी दिली, ते लिहिलं का कुठं?"

"लिहिलं. नऊ पस्तीस."

"मग सांगा आता."

मी सांगितलं. तेव्हापासून एकदाही फिट आलेली नाही. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आहे. नववीत आहे, शाळेच्या खो-खोच्या संघात घेतलंय, आणि औषधाचा पुठ्ठा आता तीच लिहिते, सगळ्या वसतिगृहाचा.



"सावकाश सांगा की," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."